‘कुलवधू’चा स्वर : ज्योत्स्ना भोळे यांची रंगभूमीवरील वाटचाल

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्या सांस्कृतिक शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१ जुलै १९३३ रोजी मुंबईच्या रिपन नाट्यगृहात ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था नवी होती, तिचे चालक तरुण आणि सुशिक्षित होते, आणि नाटकही नेहमीच्या वळणाचे नव्हते. पडदा वर गेला तेव्हा प्रेक्षकांना रंगविलेले राजवाडे आणि उपवने दिसली नाहीत. भिंती, दारे आणि खिडक्या असलेली, राहत्या घरासारखी एक खोली दिसली. त्या खोलीत बिंबा नावाची तरुणी वावरत होती. ती घरात बोलावे तसे बोलत होती, आणि मन भरून यावे अशा मोजक्या जागी गातही होती. ही भूमिका करणाऱ्या ज्योत्स्ना भोळे तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या विवाहाला जेमतेम एक वर्ष झाले होते.

मराठी नाटकाचे इतिहासकार या तारखेची नोंद एका नव्या पर्वाचा आरंभ म्हणून करतात, आणि ते योग्यच आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र त्याहून मर्यादित आहे. संसार करणारी स्त्री रंगभूमीवर उभी राहते, गाते, त्यातून अर्थार्जन करते, आणि तरीही समाजात ताठ मानेने वावरते, ही गोष्ट मराठी माणसाच्या अंगवळणी कशी पडली, हा तो विषय. ज्योत्स्नाबाईंनी या प्रश्नावर व्याख्याने दिली म्हणून हे घडले नाही. त्यांनी केलेल्या भूमिकांतून आणि त्यांच्या गाण्याच्या रीतीतून ते घडत गेले.

त्यासाठी आधीची परिस्थिती थोडी आठवावी लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि १८८२ साली ‘सौभद्र’ आले. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे संगीत नाटक हे महाराष्ट्राचे सर्वांत लाडके करमणुकीचे साधन होते. या नाटकांतल्या शकुंतला, सुभद्रा, रेवती या सगळ्या नायिका पुरुषच होते. स्त्रीपार्टी नट हा प्रत्येक मंडळीचा कणा असे. बालगंधर्वांच्या रूपाने त्या परंपरेचा असा कळस झाला, की त्यांची नेसण्याची आणि अंबाड्याची तऱ्हा घरोघरच्या स्त्रिया उचलू लागल्या. पुरुषाने उभी केलेली स्त्री पाहून स्त्रियांनी स्वतःचा पोशाख ठरवावा, ही कौतुकाची गोष्ट खरीच. परंतु तिच्यात एक विचित्रपणाही होता. कुलीन घरातल्या स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे निषिद्ध होते, म्हणूनच ती जागा पुरुषाला मिळाली होती.

स्त्रिया रंगभूमीवर मुळीच नव्हत्या असे मात्र नाही. सातारकर स्त्री संगीत मंडळीसारख्या केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या; त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. पुढे थोर गायिका म्हणून नावारूपास आलेल्या मोगूबाई कुर्डीकर लहानपणी अशा मंडळीत होत्या. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नाटक मंडळी काढली आणि स्त्रीच्या भूमिका स्त्रीने व पुरुषाच्या भूमिका पुरुषाने करण्याचा पायंडा पाडला. ते धाडस मोठे होते, आणि त्या प्रयोगाचा आर्थिक भारही त्यांना सोसावा लागला. तेव्हा ‘पहिली’ हे विशेषण ज्योत्स्नाबाईंना सरसकट लावणे बरोबर नाही. त्यांच्या वाट्याला आलेले काम वेगळे होते. हिराबाईंनी प्रामुख्याने जुन्या संगीत नाटकांतल्या नायिका रंगविल्या. ज्योत्स्नाबाई रंगभूमीवर आल्या त्या आपल्याच काळातली, आपल्यासारखीच पातळ नेसणारी, आपल्या शेजारच्या बिऱ्हाडात राहणारी स्त्री होऊन.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे या गावी झाला. त्यांचे माहेरचे नाव दुर्गा केळेकर. बांदिवडे हे फोंडे महालातले गाव. महालक्ष्मी आणि नागेश यांच्या देवळांमुळे ते प्रसिद्ध आहे. या एका महालाने संगीताला किती माणसे दिली याचा हिशेब करू गेल्यास नवल वाटते. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या. देवळांतले उत्सव, भजने, पालखीपुढचे गाणे आणि वर्षाकाठी होणारी नाटके यांमुळे सूर तेथील मुलांच्या कानांवर अक्षरओळख होण्याआधीच पडत असे. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती आणि गाण्याला पोटापाण्याची वाट तेथे फारशी नव्हती. ती वाट मुंबईस जात असे. दुर्गाही लहान वयातच मुंबईस आली. थोरल्या भगिनी गिरिजाबाई केळेकर यांचे गाणे घरात होतेच. नगरपालिकेच्या शाळेत शिकत असताना गाण्याच्या स्पर्धेत तिचा आवाज लोकांच्या ध्यानात आला, आणि आकाशवाणी त्या काळी बाल्यावस्थेत असतानाच तिचे गाणे मुंबईच्या केंद्रावरून ऐकू येऊ लागले. आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे तिची तालीमही झाली. आग्रा घराण्याचे गाणे हे लयीचे आणि बोलांचे गाणे. शब्द तोडून न टाकता त्याला लयीत खेळविणे, ही त्या घराण्याची खासियत. पुढे नाटकात हीच शिदोरी उपयोगी पडली.

१९३२ साली दुर्गा केळेकर यांचा विवाह केशवराव भोळे यांच्याशी झाला आणि त्या ज्योत्स्ना भोळे झाल्या. केशवराव त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठे. अमरावतीत जन्मलेला हा गृहस्थ संगीतकार होता, गायक होता, आणि त्याहीपेक्षा विशेष म्हणजे संगीतावर लिहिणारा होता. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात येणारे त्यांचे लेख त्या काळी चर्चेचा विषय होत. मोठमोठ्या गवयांच्या गाण्यात काय चांगले आहे आणि कुठे केवळ कसरत आहे, हे ते निर्भीडपणे लिहीत. गाण्यातला शब्द कळला पाहिजे, शब्दामागचा भाव सुरात उतरला पाहिजे आणि पसारा आवरता घेतला पाहिजे, ही त्यांची धारणा होती. जुन्या नाट्यसंगीतात गायक-नटाने एकेक पद पंधरा-वीस मिनिटे रंगवावे, प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’चा गजर करावा आणि नाटकातल्या पात्राने आपले दुःख बाजूला ठेवून तेच पद पुन्हा गावे, हा नित्याचा प्रकार होता. रसिकांना त्यात अवीट आनंद मिळे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाटक तेवढा वेळ थांबून राही, आणि एकाच नाटकात पदांची संख्या शंभराच्या घरात गेली की ते पहाटेपर्यंत चाले.

‘नाट्यमन्वंतर’च्या मंडळींना हे बदलायचे होते. के. नारायण काळे, श्री. वि. वर्तक, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर, केशवराव भोळे अशी ही मंडळी होती. वर्तकांनी नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून ‘आंधळ्यांची शाळा’ लिहिले. विवाहापूर्वी स्त्रीने निष्कलंक असावे अशी अपेक्षा असेल, तर पुरुषाकडून तीच अपेक्षा का नसावी, हा मूळ नाटकातला प्रश्न. मराठी नाटकात हा प्रश्न बिंबेच्या तोंडी आहे. हा प्रश्न स्त्रीवेषातल्या पुरुषाने विचारला असता तर? टाळ्या कदाचित पडल्याही असत्या; परंतु प्रश्नाची धार गेली असती. समोर उभी असलेली व्यक्ती खरोखरीच एक विवाहित तरुणी आहे, ती स्वतःच्या आवाजात हे विचारीत आहे, आणि तिच्या शेजारी वर्तकांच्या पत्नी पद्मावतीबाई त्याच नाटकात भूमिका करीत आहेत, यामुळे प्रेक्षागृहातील सुशिक्षित कुटुंबांना तोंड फिरविणे अवघड झाले. केशवराव दात्यांसारखा कसलेला नट सोबत असल्याने प्रयोगाला भक्कम आधारही मिळाला.

गाणी मोजकीच ठेवली होती, आणि त्यांच्या चाली केशवरावांनी भावगीताच्या वळणाच्या बांधल्या. प्रसंगाला पूरक असे पार्श्वसंगीतही त्यांनी योजले. भावगीत हा प्रकार तेव्हा नुकता रूढ होत होता; ध्वनिमुद्रिकांमुळे तो घराघरात शिरत होता. तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारे, शब्दाला जपणारे हे गाणे नाटकातल्या घरगुती प्रसंगाशी जुळले. ज्योत्स्नाबाईंचा आवाज गोड आणि पल्लेदार होता. त्या तानांची आतषबाजी करू शकल्या असत्या, कारण तालीम त्या तोडीची होती. त्यांनी ती केली नाही, आणि प्रेक्षकांना ती आठवलीही नाही. कलावंताच्या हाती असलेली गोष्ट त्याने जाणूनबुजून न वापरणे हे फार कठीण असते. एकोणिसाव्या वर्षी तर फारच.

‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था फार काळ टिकली नाही. नव्या संस्थांच्या नशिबी बहुधा जे येते, तेच तिच्याही आले. त्यातच १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले होते. बोलपटात गाणे होते, देखावे होते, आणि तिकीट स्वस्त होते. नाटक मंडळ्यांच्या खर्चाचा डोलारा मोठा. पन्नास-पन्नास माणसांचे बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडायचे, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था करायची आणि खेळ झाला नाही तरी पगार द्यायचे, हा व्यवहार बोलपटापुढे टिकेना. एकामागून एक मंडळ्या बंद पडल्या, नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. केशवराव प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार म्हणून गेले. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटांचे संगीत त्यांचे. ज्योत्स्नाबाईंनी या काळात मैफली केल्या, आकाशवाणीवर गायिल्या, ध्वनिमुद्रिका दिल्या. चित्रपटातही थोडे काम केले. परंतु त्यांचे मन पडद्यावर रमले नाही. नाटकाला मात्र नायिका उरली होती आणि रंगभूमी उरली नव्हती, अशी ती वर्षे.

१९४१ साली मो. ग. रांगणेकर यांनी ‘नाट्यनिकेतन’ ही संस्था काढली. रांगणेकर मूळचे पत्रकार. वर्तमानपत्राच्या धंद्यात वेळेला आणि जागेला किंमत असते. ती शिस्त त्यांनी नाटकात आणली. नाटक तीन तासांच्या आत संपले पाहिजे, पात्रे थोडी हवीत, देखावा शक्यतो एकच हवा, कथानक मध्यमवर्गीय घरातले हवे, आणि गाणी असावीत पण नाटकाच्या मानेवर बसता कामा नयेत. नोकरदार माणसाने कचेरीतून घरी यावे, कुटुंबासह नाटक पाहावे आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर जावे, असे हे नाटक होते. पुढे गावोगावच्या हौशी मंडळींनी ही नाटके उचलून धरली, त्यामागेही हेच कारण होते. एका दिवाणखान्याचा देखावा शाळेच्या सभागृहातही उभा करता येतो. इंद्रसभा उभी करायला इंद्राचा खजिना लागतो.

१९४२ साली ‘नाट्यनिकेतन’ने रांगणेकरांचेच ‘कुलवधू’ रंगभूमीवर आणले. ज्योत्स्नाबाईंनी त्यात भानुमतीची भूमिका केली. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांचे नाव ज्या भूमिकेशी कायमचे जोडले गेले, ती हीच.

भानुमती ही एका सुशिक्षित पुरुषाची पत्नी. ती अभिनयाच्या क्षेत्रात शिरते, तिला कीर्ती मिळते, पैसा मिळतो. तिच्या मिळकतीचा संसाराला आधार होतो. परंतु पतीच्या मनाला ते सहन होत नाही. ‘अमकीचा नवरा’ म्हणून ओळखले जाणे त्याच्या अभिमानाला झोंबते. शब्दाने शब्द वाढत जातो, आणि अखेरीस भानुमती त्याचे घर सोडते. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’मधील नोरा नवऱ्याचे घर सोडून जाते, त्या नाटकाची सावली ‘कुलवधू’वर आहे, हे समीक्षकांनी दाखवून दिले आहे. परंतु रांगणेकरांनी आपल्या नाटकाला दिलेले नाव पाहावे. घर सोडणाऱ्या स्त्रीला त्यांनी ‘कुलवधू’ म्हटले आहे. यात थोडी तडजोड आहे, हे मान्य करायला हवे. प्रेक्षक बिथरू नये याची काळजी घेतलेली दिसते. तथापि यात एक खोचही आहे. कुळाची लाज कशाने राखली जाते, बाई घरात बसल्याने की तिने मानाने जगल्याने, हा प्रश्न त्या एका शब्दाने प्रेक्षकाच्या पदरात टाकला जातो.

आज ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत स्त्रिया अधिकारपदांवर आहेत. शाळांतून, कचेऱ्यांतून त्या काम करतात, आणि त्यांच्या वेतनावर कुटुंबे चालतात. त्यामुळे भानुमतीचा प्रश्न जुना वाटण्याचा संभव आहे. १९४२ साली तो जुना नव्हता. त्या साली शहरांतल्या मध्यमवर्गातही बाईची कमाई ही अडचणीच्या वेळची, शक्यतो न बोलण्याची गोष्ट होती. आणि मनाशी प्रामाणिकपणे विचार केल्यास, सरपंचपदावर निवडून आलेल्या स्त्रीच्या शेजारच्या खुर्चीवर तिचे यजमान येऊन बसतात आणि बोलणेही तेच करतात, हे दृश्य पाहिलेल्या कोणालाही भानुमतीच्या नवऱ्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

ज्योत्स्नाबाईंनी ही भूमिका कशी केली, याच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात त्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांची भानुमती भांडखोर नव्हती. ती घरंदाज, शांत आणि हसरी होती. तिच्यावर प्रेक्षक आधी माया करीत. त्यामुळे ती घर सोडून निघते तेव्हा प्रेक्षागृहातल्या वडीलधाऱ्या माणसांनाही तिचा राग येत नसे. राग येई तो नवऱ्याचा. हा परिणाम साधण्यात गाण्याचा मोठा वाटा होता. ‘कुलवधू’चे संगीत मास्तर कृष्णरावांचे. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य गंधर्व नाटक मंडळीत वाढलेले. जुन्या नाट्यपदांचा सगळा ऐश्वर्यसंपन्न काळ त्यांनी आतून पाहिलेला. पुढे ‘प्रभात’च्या बोलपटांना चाली देताना त्यांना थोडक्यात बोलण्याची सवय झाली. ही दोन्ही वळणे ‘कुलवधू’त एकत्र आली. चालींत रागाचा गाभा शाबूत होता, पण विस्तार मोजका होता. भानुमती आनंदात असते तेव्हा गाणे आनंदाचे होते. आणि नाटकातली भैरवी तर तिच्या स्वभावाचे चित्रच होती. गोड बोलण्याची, मन राखण्याची तिची सारी असोशी त्या भैरवीत आहे. नाटक पाहून झाल्यावर ती भैरवी आठवली, की इतके गोड बोलणाऱ्या बाईवर घर सोडण्याची वेळ आली, याची टोचणी लागे.

या पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या आकाशवाणीवरून लागत, हॉटेलांतून लागत, लग्नाच्या मांडवातही लागत. ज्या गावात ‘नाट्यनिकेतन’चा मुक्काम कधीच पडला नाही, त्या गावातल्या मुलीही ही गाणी म्हणू लागल्या. येथे एक बारीकशी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘नाटकातले गाणे’ घरातल्या मुलीने म्हणणे हे त्याआधीच्या पिढीत वाह्यातपणाचे लक्षण समजले जाई. ‘कुलवधू’च्या पदांच्या बाबतीत आईबापांना तसे वाटले नाही. पद भानुमतीचे होते, आणि भानुमती तर घरातलीच होती.

आता नाटकाकडून घराकडे यावे. रंगमंचावर भानुमतीच्या पतीला तिची कीर्ती सोसवत नव्हती. ज्योत्स्नाबाईंच्या घरी परिस्थिती नेमकी उलटी होती. त्यांना रंगभूमीवर आणणारे, त्यांच्या पहिल्या नाटकाच्या चाली बांधणारे, त्यांच्या गाण्यातला पसारा कमी करायला लावणारे, हे सारे त्यांचे यजमानच. केशवरावांचे स्वतःचे नाव मोठे होते. पण ‘कुलवधू’नंतर सर्वसामान्य प्रेक्षकाच्या तोंडी पत्नीचे नाव अधिक आले. ही गोष्ट त्या घरात खुपली, असे कुठे दिसत नाही. पत्नी संसार, मुले आणि प्रयोग सांभाळीत राहिली, आणि पती तिच्या गाण्याचा सर्वांत कठोर टीकाकार व सर्वांत जवळचा श्रोता राहिला. प्रेक्षकांना हे ठाऊक होते. आजच्यासारखी प्रसिद्धीची साधने नसली तरी मुंबई-पुण्याचे नाट्यवर्तुळ लहान होते, आणि भोळे दांपत्य सर्वांच्या परिचयाचे होते. म्हणून ‘कुलवधू’ पाहताना प्रेक्षकांपुढे एकाच वेळी दोन संसार असत. एक नाटकातला, मोडलेला. दुसरा नाटक करणाऱ्या बाईचा, नीट चाललेला. दुसऱ्याने पहिल्याला उत्तर दिले होते. ते उत्तर नाटककाराच्या लेखणीत नव्हते. भूमिका करणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात होते.

पुढची वर्षे थोडक्यात सांगितली तरी चालतील. रांगणेकरांच्या पुढच्या नाटकांतून ज्योत्स्नाबाईंनी भूमिका केल्या. मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’ या नाटकातील त्यांचे पद रसिकांच्या स्मरणात राहिले. रामकथेकडे स्त्रीच्या बाजूने पाहणारे हे नाटक त्यांच्या आधीच्या भूमिकांशी सुसंगतच होते. नाटकाबाहेर त्यांचे भावगीतगायन चालूच होते. राजा बढे यांनी लिहिलेले आणि पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेले, माहेरी निरोप धाडणाऱ्या सासुरवाशिणीचे त्यांचे गीत महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही ऐकले गेले. ते गीत ऐकताना गोव्यातून लहानपणीच मुंबईस आलेल्या गायिकेचे माहेर कुठे होते, हे माहीत असलेल्यांना त्यातला एक सूर अधिक ऐकू येत असे. गोवा १९६१ साली मुक्त होईपर्यंत त्यांचे बांदिवडे नकाशावर परक्या राजवटीत होते.

ज्योत्स्नाबाईंच्या कामाची सगळी बाजू उजळच होती असे चित्र रंगविण्याचे कारण नाही. थोड्या गाण्यांचे घरगुती नाटक आले तसे दोन-तीन दशकांत गाणे कमी होत होत मुख्य प्रवाहातल्या नाटकातून जवळजवळ नाहीसे झाले. केशवराव आणि ज्योत्स्नाबाई यांनी पसारा आवरला तो गाण्याचा मान राखण्यासाठी; नंतरच्यांनी गाणेच गाळले. १९६० नंतर वसंतराव देशपांडे, जितेंद्र अभिषेकी, रामदास कामत, जयमाला व कीर्ती शिलेदार अशा मंडळींनी संगीत नाटकाला पुन्हा उभारी दिली, आणि तीही बरीचशी पौराणिक-ऐतिहासिक विषयांच्या आधाराने. ज्या वाटेने ज्योत्स्नाबाई गेल्या होत्या, म्हणजे आजच्या घरातली, आजच्या प्रश्नाची स्त्री आणि तिचे मोजके गाणे, त्या वाटेवर मागून येणारे फार थोडे निघाले. शासनाच्या राज्य नाट्यस्पर्धेने १९५४ सालापासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हौशी नटनट्यांना व्यासपीठ दिले आणि संगीत नाटकांचीही स्पर्धा सुरू झाली. तिथेही जुनी गाजलेली नाटके अधिक दिसतात. नवी संहिता आणि नवी चाल घेऊन येणारा संघ विरळाच.

गावच्या रंगमंचाविषयी एक गोष्ट येथे सांगायला हवी, कारण समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचा संबंध जत्रेच्या आणि गणेशोत्सवाच्या नाटकांशी येतो. अनेक गावांत पुरुषांच्या भूमिकांसाठी गावातले तरुण पुढे येतात, आणि स्त्रीच्या भूमिकांसाठी मात्र बाहेरगावाहून मानधन देऊन नटी आणली जाते. त्या नटीच्या अभिनयाला टाळ्या मिळतात, पण ती कुठे उतरली, तिला जेवण कोणी दिले, परतीच्या गाडीची सोय झाली की नाही, याची चौकशी करणारे एखाददुसरेच असतात. गावातल्या मुलीने त्याच नाटकात काम करायचे म्हटले तर घरात वाद होतो. ‘आंधळ्यांची शाळा’ला नव्वदहून अधिक वर्षे झाली आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी गाते तेव्हा पहिल्या रांगेत बसून जे पालक कौतुक करतात, तेच पालक ती अठरा वर्षांची झाल्यावर रंगमंचाकडे पाठ फिरविण्यास सांगतात. शिक्षकांना हा अनुभव नवा नसेल.

ज्योत्स्नाबाईंना १९७६ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो अभिनयासाठी होता, याची नोंद घ्यावी. त्यांना गायिका म्हणून ओळखणाऱ्यांना त्याचे थोडे आश्चर्य वाटले असेल. वस्तुतः त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी निराळ्या काढता येत नाहीत; त्यांचे गाणे हा त्यांच्या अभिनयाचाच भाग होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या भूमिका करून त्या थांबल्या नाहीत. ‘आराधना’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्याला संगीतही स्वतःच दिले. जुन्या गायक-नटीकडून नाटक मंडळीचे चालक केवळ आवाजाची अपेक्षा करीत. शब्द आणि चाल दुसऱ्यांची असे. ‘आराधना’त शब्दही तिचे होते आणि सूरही तिचेच.

पुण्यात, हिराबागेत, ज्योत्स्ना भोळे यांचे नाव दिलेले एक सभागृह आहे. ते लहान आहे. मोठा देखावा तेथे मावत नाही. एक खोली, चार-दोन पात्रे आणि जवळ बसलेले प्रेक्षक एवढेच मावतात. ५ ऑगस्ट २००१ रोजी ज्योत्स्नाबाईंचे निधन झाले. त्यांनी आपले आत्मकथन लिहिले आहे. त्याला ना भारदस्त नाव आहे, ना भूमिकेचे नाव. घरून दूर गेलेल्या मुलीने पत्राच्या अखेरीस सही करावी, तसे ते नाव आहे : ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’.